झिऱ्यांनी पाणी आत ओढलं

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण शेवटासाठी ठेवलं तर मी पुन्हा कच खाईन... आणि एकदा कच खाल्ली म्हणूनच हे सगळं लिहायची पाळी आली.

दुसरं म्हणजे, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही कुणी मुंजा, चकवा असलं काही सांगू लागलं की मी पान खायच्या निमित्तानं उठतो. मी ड्रेनेजचा ओव्हरसियर. पाणी उताराकडे जातं आणि गाळ तळाला बसतो, एवढ्यावर माझं पोट चाललं, श्रद्धाही तेवढीच. तुमच्या अंकातल्या या सदरातले अनुभव मी वाचतो ते खरं तर त्यांतल्या चुका काढायला. माझ्या अनुभवात भूत नाही, अंधारही नाही. लख्ख सकाळचं ऊन होतं आणि पाहणारा मी एकटा नव्हतो.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. पश्चिम खानदेशातलं एक लहान पालिकेचं गाव. गावाचं नाव देत नाही, कारण त्या वेळची बरीच माणसं अजून कामावर आहेत आणि दोष त्यांचा नाही. सुरतेकडून येणारी गाडी खांडबारा सोडून पुढे आली की थोड्या वेळानं उजाड माळ संपतो आणि एक नदी लागते, उत्तरेला तापीकडे जाणारी. गाव नदीच्या पश्चिम काठावर. गावापासून खाली, नदी पहिलं मोठं वळण घेते तिथे पूर्वेच्या काठावर एक वस्ती आहे. आम्ही गावातले तिला 'खालचा पाडा' म्हणतो. वस्ती भिलांची. थोडी शेती, बाकी मजुरी.

आमची नदी पावसाळ्यात दोन्ही काठ धरून जाते. होळी आली की मधून एक बारीक धार उरते, बाकी सगळी वाळू. गावाला विहिरी होत्या. खालच्या पाड्याला नव्हती. ते वाळूत हातभर खड्डा करायचे, त्यात आपोआप पाणी साठायचं. त्याला झिरा म्हणतात. झिऱ्याचं पाणी इतकं निर्मळ की तळाच्या वाळूचे कण मोजून घ्यावेत. होळीपासून मृग लागेपर्यंत तो पाडा त्या झिऱ्यांवर जगे.

पूर्वी आमच्या गावाची गटारं सरळ नदीत जात. उन्हाळ्यात पटकीची साथ आली की आधी खालच्या पाड्यात रडारड ऐकू येई. मग पालिकेनं एक काम केलं, जे त्या काळी मोठ्या शहरांतही फारसं नव्हतं. सगळी गटारं एका पक्क्या नाल्यात घेतली आणि नाला नदीच्या अलीकडे हौदांत सोडला. पहिल्या हौदाच्या तोंडाशी लोखंडी जाळी — चिंध्या, पत्रावळी तिथे अडायच्या. पुढच्या हौदात पाणी नुसतं उभं राही, घाण तळाला बसे. शेवटच्यात खडी, कोळसा आणि वाळू यांचे थर. त्यातून गाळून निघालेलं पाणी पाटानं शेताला जाई. तिथे केळी आणि गुरांचा घास. केळीनं पिऊन उरलेलं जे जमिनीतून पाझरत नदीला मिळे, त्याला वाससुद्धा नसे. पाहुणे आले की मी ते ओंजळीत धरून दाखवायचो. तो कारखाना — हो, मी त्याला कारखानाच म्हणायचो — माझ्या ताब्यात होता. आणि खालच्या पाड्यात त्यानंतर पटकी आली नाही, याचा मला गर्व होता.

हौदांच्या बाजूला फळ्यांचं एक दार होतं. पूरदार. पावसाळ्यात नदी फुगली की हौद वाचवायला ते उघडायचं. मग सगळं पाणी थेट नदीत. उन्हाळ्यात त्याला हात लावायचा नाही. तशी पाटी मीच रंगवून तिथे टांगली होती.

त्या वर्षी होळी झाली. आमच्याकडे होळी एका रात्रीत संपत नाही. डोंगरात गावागावाची होळी वेगळ्या दिवशी पेटते. हौद उपसणारे माझे गडी खालच्या पाड्यातलेच. ते सगळे धडगावच्या बाजूला सोयऱ्यांकडे नाचायला गेलेले. इकडे गावात धुळवड झाली. रंगारी मोहल्ल्यानंही सणाची लुगडी रंगवून संपवली आणि रंगाच्या कुंड्या गटारात उपड्या केल्या. नाल्यातून लालभडक पाणी यायला लागलं. हौद काठोकाठ भरले. त्यावर रंगाचा आणि शेणकुटाचा फेस. वास असा की नाकाला धोतराचा सोगा लावावा लागे.

आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार होते.

गडी यायची वाट पाहिली असती, तर साहेबांना भरलेले हौद दिसले असते. बाकी काही झालं नसतं. पण मला ते पाहवेना. मला त्यांच्या तोंडून 'उत्तम' ऐकायचं होतं.

नाल्यावर उस्मानभाई म्हणून राखणदार होते, माझ्याहून वयानं मोठे. आम्ही सगळे आपसात अहिराणीच बोलायचो.

"उस्मानभाई, पूरदार उघाडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "आते? होयीमा पूर?"

"हौद रिता कराना शेतस. सकायले साहेब येनार शे."

"मंग नदीले बी धुयवड खेयाडतस म्हना," म्हणाले आणि दार उचलायला लागले.

मी हसलो. नदीला धुळवड... मला ती थट्टा आवडली होती. मी मनाशी ठरवलं होतं की पाणी काही फार लांब जायचं नाही. पात्र कोरडं आहे, वाळू पिऊन टाकील. ज्या वाळूतून पाडा पाणी पितो, तीच वाळू, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या सकाळी ते मी बाजूला ठेवलं, एवढंच.

दार उघडलं. हौदातलं पाणी आवाज करत नदीत उतरलं आणि मधल्या धारेला मिळालं. धार लाल झाली. मी काठानं तिच्याबरोबर चालू लागलो, कुठे जिरते ते पाहायला. ती जिरेना. वाळूवरून जीभ सरकावी तशी पुढे पुढे जात होती, कडेनं फेस सोडत. मी पावलं उचलली. मग पळायला लागलो. वळणापाशी मी पाण्याच्या थोडा पुढे पोचलो आणि करंजाच्या झाडाखाली थांबलो.

समोर पात्रात पाड्याच्या बायका होत्या.

त्या दिवशी झिरे उघडायचे होते, हे मी विसरलो होतो. त्यांच्यात रीत आहे. होळीची राख निवली की वर्षाचा पहिला झिरा एकच बाई उघडते — नुसत्या हातांनी, कुदळ-फावडं न लावता. चिमूटभर राख वाळूला लावते, खणते, पहिली ओंजळ स्वतः पिते. मग बाकीच्या आपापले झिरे करतात. पाड्यात हा मान वंतीमायचा होता. उंच, काटक बाई, केस पांढरे होत आलेले. तिच्या आधी तिच्या आईचा होता. पेरणीचं पहिलं मूठभर बीसुद्धा लोक तिच्याच हातून टाकून घेत.

ती पिऊन झाली होती. बाकीचे झिरे भरत आले होते. बायका वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यांनी पाणी हंड्यांत काढू लागल्या होत्या. कुणीतरी कुणाच्या तरी नवऱ्याबद्दल काही बोललं, सगळ्या हसल्या.

मला फक्त ओरडायचं होतं. 'पाणी घेऊ नका' — एवढंच. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. ओरडलो असतो तर का, हे सांगावं लागलं असतं. उद्या साहेब. दारावरची माझीच पाटी. मी करंजाच्या खोडाला हात लावून उभा राहिलो. मागून लाल पाणी येत होतं, त्याचा वास आधी पोचला होता. आणि मी गप्प होतो.

तेव्हा वाळू बसली.

दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही. झोपलेल्या माणसाची छाती श्वास सोडल्यावर खाली जाते, तसं ते पूर्ण पात्र, या काठापासून त्या काठापर्यंत, किंचित खाली गेलं. आवाज झाला — लांबलचक, हलका, कुणी तहानलेल्यानं घोट घ्यावा तसा. बायकांच्या पायांच्या खुणांभोवतीची ओल माझ्या डोळ्यांदेखत विरली. वाळू पांढरी पडली.

"वं माय, पानी कोठे गयं?" एक पोरसवदा सून म्हणाली. तिचा तुंबा खड्ड्याच्या तळाशी खरखरत होता.

"आतेच व्हतं," वंतीमाय म्हणाली. "मन्हा हात आजून ओला शे."

"दुसरा दखा," मागची एक म्हणाली.

त्यांनी सगळे झिरे पाहिले. काठाजवळचे, धारेजवळचे, सर्वांत खोल होता तो. सगळे कोरडे. हंड्यांत जेमतेम तळ भिजेल एवढंच पाणी आलं होतं, तेही पहिलं, चांगलं. बायका घाबरून हंडे घेऊन काठावर चढल्या. त्या चढल्या आणि लाल पाणी वळणावर आलं.

ते झिऱ्यांच्या अगदी शेजारून गेलं. एका झिऱ्याच्या तर काठाला चाटून गेलं. मी खाली उतरलो होतो. का, ते माहीत नाही, पाय गेले. मी गुडघे टेकून त्या झिऱ्यात हात घातला. डावीकडे वीतभरावर घाण वाहत होती आणि माझ्या हाताला लागत होती ती भडभुंज्याच्या कढईतल्यासारखी कोरडी वाळू. खालपर्यंत. खांद्यापर्यंत हात गेला तरी ओल नाही. माझं आयुष्यभराचं सगळं ज्ञान सांगत होतं की या खड्ड्यात आता मैला पाझरायला हवा. त्या वाळूनं एक थेंब आत घेतला नाही.

मला हात बाहेर काढवेना. भीती नव्हती ती. देवळात कधी जे वाटलं नाही ते मला तिथे गटाराच्या पाण्याशेजारी वाटत होतं... की काहीतरी फार मोठं इथे हजर आहे, ते या बायकांना जपतंय, आणि मी कोण आहे हे त्याला माहीत आहे.

वंतीमाय काठावरून माझ्याकडे बघत होती.

"भाऊसाहेब, तुम्ही आठे कसा काय?" आणि मी काही बोलायच्या आत, "हाई लाल पानी कसानं शे?"

"रंग शे. धुयवडना."

ती उतरून जवळ आली. "तुम्ही शिकेल माणूस शेतस. खरं सांगा. वरथीन काही घान उनी का?"

एवढा सरळ प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता.

"नही," मी म्हणालो. "निस्ता रंग शे. रंगारीसना."

वाटतं तितका वेळ लागत नाही खोटं बोलायला.

ऊन चढेपर्यंत वरचे हौद रिते झाले असावेत. लाली फिकट झाली, मग धार स्वच्छ झाली. ती तशी काही वेळ वाहत राहिली आणि मग, बघता बघता, झिरे भरू लागले. तळातून, शांतपणे. पाणी काचेसारखं. बायका जवळ जाईनात. मीच ओंजळ भरून हुंगली. वास नाही. मी प्यायलो. गार, गोड पाणी होतं. त्यातून मला काही झालं नाही, पाड्यात कुणालाच काही झालं नाही.

पण तोवर काठावर बोलणी सुरू झाली होती. वंतीमायची धाकटी जाऊ मोठ्यानं म्हणाली, "घान नही, काही नही, मंग पानी काबरं गयं? नदीनी तुन्हा हात झिडकारी दिधा."

वंतीमायनं हंडा खाली ठेवला. आपले दोन्ही हात तिनं उलटसुलट करून पाहिले.

माझ्या खोट्यानं काय केलं ते मला तिथेच कळलं होतं. घाण आली होती हे त्यांना समजतं, तर तिच्या हाताखालून नदीनं अख्खा पाडा वाचवला असं त्यांनी म्हटलं असतं. तिला खांद्यावर घेतलं असतं. मी 'निस्ता रंग' म्हणालो, आणि तीच गोष्ट तिच्यावरचा डाग झाली.

तपासणी उत्तम झाली. तसा शेराही मिळाला.

पुढच्या होळीला पहिला झिरा जावेनं उघडला. पेरणीला वंतीमायला कुणी बोलावेना. गडी हौद उपसताना आपसात बोलत, ते माझ्या कानावर येई. तिनं नदीवर येणंच सोडलं, सून पाणी नेते, असं कळलं. मी पूरदाराला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली. त्यानं काय होणार होतं...

कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. हौदाच्या वरच्या अंगाला पात्रात स्वतः झिरा खणला आणि रंगाऱ्यांकडून आणलेला रंग शेजारच्या धारेत ओतला. थोड्याच वेळात माझा झिरा लाल झाला. पुन्हा केलं, पुन्हा लाल. एका ओळखीच्या इंजिनियरना आडवळणानं विचारलं. ते म्हणाले, खाली खडकाला भेग पडली असेल, पाणी तिच्यात उतरलं असेल. मग परत कसं आलं? आणि घाण यायच्या आधीच का उतरलं? ते हसले, म्हणाले, "तुम्ही नीट पाहिलं नसेल." मी माझा हात पाहिला. तो खांद्यापर्यंत त्या वाळूत गेला होता.

आजही माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. आम्ही हौद बांधून नदीला जपतो असं मी मानत होतो. ते खरंच आहे. कारखाना हवाच, रोज हवा, नदी रोज का म्हणून आपली घाण सावरील? पण त्या दिवशी जपणारा कुणी दुसराच होता.

मी बोललो नसतो कदाचित कधीच. पण परवाच्या माघात आठवड्याच्या बाजारात वंतीमाय दिसली. फोडलेली चिंच घेऊन बसली होती. खूप थकलेली. मी चिंच मागितली. ती ओंजळीत घेता घेता थांबली आणि म्हणाली, "मन्हा हातनं चालस ना तुमले?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्या आधीच्या बाईलाही तिनं तेच विचारलं होतं, माझ्यानंतर आलेल्यालाही विचारलं. इतक्या वर्षांत तो तिचा विकण्याचा एक भागच झाला होता, जसं कुणी 'अजून घालू का' विचारतं.

दुसऱ्या दिवशी मी पालिकेत जाऊन सगळं सांगितलं. माझं काम काढून घेऊन मला टपालाच्या टेबलावर बसवलं. योग्यच झालं. किल्ली नव्या माणसाला दिली.

यंदा होळीची राख निवली त्या सकाळी मी खालच्या पाड्यात गेलो. बायका झिरा उघडायला निघाल्या होत्या, या वेळी पुरुषही घरी होते. मी वंतीमायच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, आज हिलाही नदीवर येऊ द्या, मला सगळ्यांसमोर बोलायचंय. ती आली, मागे मागे, हात पदरात घेऊन.

वाळूत उभं राहून मी सांगितलं. पूरदार, हौद, साहेब, करंजाचं झाड. काही ठेवलं नाही.

पुरुष एकेक करत पुढे आले. मग माझ्या हाताखाली हौद उपसलेला एक गडी म्हणाला, "म्हंजे आम्हना पोऱ्यासले तुम्ही गटार पाजनार व्हतात."

"हो," मी म्हणालो.

"नदीले समजनं, तुमले नही समजनं."

"मलाही समजलं होतं," मी म्हणालो. "म्हणून तर जास्त वाईट."

"तवय काबरं नही बोलनात?"

जे उत्तर होतं ते सांगायच्या लायकीचं नव्हतं. जाऊ मान खाली घालून उभी होती. मी वंतीमायकडे गेलो. तिच्या पायांशी वाळूत बसलो. घरून मी चांगली वाक्यं जुळवून आणली होती, पुस्तकी मराठीत. त्यातलं एकही आलं नाही.

"वंतीमाय," मी म्हणालो, "तुन्हा हात खोटा नही व्हता. घान मी सोडी व्हती, आनि तू इचारं तवय खोटं बी मीच बोलनू. तुन्हा मान मी लिधा. मन्हं चुकनं, माय. मले माफ कर."